डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळणाऱ्यांचे आभार कसे मानायचे: घरातलं माणूस गेल्यावर करायच्या गोष्टी

माणूस गेलं की भेटायला येणारे सगळे मुलाबाळांशी बोलतात, फोटोला हार घालतात, चहा घेऊन जातात. आणि जिनं तीन-चार वर्षं रात्रीची झोप मोडून डायपर बदलले, ती बाई तोवर माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या पुढच्या ड्युटीवर निपाणीला नाहीतर गोकाकला पोचलेली असते, कारण ज्या दिवशी आपलं माणूस गेलं त्याच दिवशी तिची नोकरी पण गेली, हे आपल्या डोक्यात त्या गडबडीत येतच नाही. म्हणून आभार मानायचे असतील तर त्याच आठवड्यात कामाला लागा. वर्षश्राद्धाला बघू म्हणून ठेवलं की नंबर बदलतो, माणूस हुडकून सापडत नाही.

२०२३ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत भारतात ६० वर्षांवरच्या शंभरात साधारण सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचं दुखणं, आहे असं निघालं, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं. म्हणजे आपल्या गल्लीतसुद्धा असं एखादं घर असणारच आणि बहुतेक ठिकाणी सांभाळणं घरातच चालतं, कुणीतरी सून, कुणीतरी बायको, परवडलं तर एखादी मावशी. ज्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडलंय आणि आता नेमकं काय करायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यातल्या घरांना धरून लिहिलंय, कारण इथं सांभाळणारी बाई कन्नड बोलणारी, घर मराठी, नर्स ख्रिश्चन आणि रातपाळीचा ब्रदर (पुरुष परिचारक) चंदगडचा, असं सगळं एकाच छपराखाली असतं.

पायरी १: नावं लिहून काढा

रक्षाविसर्जन झालं की संध्याकाळी घरातली माणसं एकत्र बसतातच. तेव्हाच एक कागद घ्या. दिवसपाळीची मावशी, रातपाळीचा ब्रदर, घरी येऊन कॅथेटर (लघवीची नळी) बदलणारी सिस्टर, फिजिओवाला, घरी येऊन दाढी-केस करून जाणारा न्हावी. हा न्हावी कुणाच्या लक्षात राहत नाही, पण डिमेन्शियाचा माणूस वस्तरा बघून हात झटकतो, ओरडतो, तेव्हा अर्धा तास थांबून, गप्पा मारून, एक गाल आज एक गाल उद्या असं करणारा न्हावी मिळणं सोपं नाही. रात्री दहाला फोन केला तरी डायपरचं पॅकेट पाठवणारा मेडिकलवाला. आजोबा घरातून निघून गेले तेव्हा गोगटे सर्कलला ओळखून रिक्षात घालून परत आणणारा रिक्षावाला. शेजारची काकू, जी "जरा बसतो मी, तू आंघोळ उरकून घे" म्हणायची.

आणि सगळ्यात वर घरातलं माणूस. हे नाव बहुतेक घरात लिहायचंच राहतं, म्हणून त्याची वेगळी पायरी खाली आहे.

पायरी २: हिशोब आधी, आभार नंतर

राहिलेला पगार देणं म्हणजे आभार नव्हे, ते देणं आहे. ते त्याच आठवड्यात चुकतं करा. महिन्याच्या मध्येच माणूस गेलं असेल तर दिवस मोजत बसू नका, तो महिना पूर्ण द्या. जमत असेल तर वर एक महिन्याचा पगार द्या, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत तिचं घर चालेल. इथं बरेच जण एक चूक करतात, पगार आणि भेट एकाच पाकिटात घालतात, मग तिला कळत नाही की यातलं हक्काचं किती आणि प्रेमाचं किती. पाकिटं दोन करा, वर लिहा.

ब्युरोकडून आलेली असेल तर ब्युरोचे पैसे ब्युरोला, पण भेटीची रक्कम थेट तिच्या हातात नाहीतर तिच्या खात्यावर. फोनपे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नंबरवर असतं बऱ्याच जणींचं, म्हणून आधी हळूच विचारा, "कसं दिलेलं बरं पडेल?" कामाला ठेवताना घेतलेली आधारची झेरॉक्स, फोटो, काय असेल ते परत करा. तिची पिशवी, चादर, चप्पल, डबा घरात राहिलेला असतो, तो धुवून द्या.

पायरी ३: तिच्यावरचा आळ सगळ्यांसमोर काढा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि कुणीच करत नाही. डिमेन्शियात वस्तू चोरल्याचा संशय घेणं हे दुखण्याचंच लक्षण आहे. आजी स्वतःच बांगड्या तांदळाच्या डब्यात लपवतात, लपवल्याचं विसरतात आणि मग येईल त्याला सांगतात, "ही बया माझ्या बांगड्या नेल्या." ऐकणारे पाव्हणे मान हलवतात. घरातले म्हणतात की नाही नाही, आईला आठवत नाही, पण मनात कुठंतरी किंचित शंका राहते आणि ती शंका त्या बाईला रोज दिसते.

म्हणून बाराव्या-तेराव्याला पै-पाव्हणे जमलेत, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसानं उभं राहून दोन वाक्यं बोलावीत. "आई दुखण्यात मावशींना काहीबाही बोलायची, ते दुखणं बोलत होतं. आमच्या घरातली एक वस्तू हलली नाही, आणि मावशी नसत्या तर आम्हाला हे झेपलं नसतं." एवढंच. मार खाल्लेला असेल, चावे घेतलेले असतील, अंगावर थुंकणं झालेलं असेल, तर त्याबद्दलही माफी मागा. गेलेल्या माणसाच्या वतीनं मागायची, लाजायचं काय त्यात.

आणि जेवणाला बोलावलंत तर तिला पहिल्या पंगतीला बसवा. स्वयंपाकघरात मागं उभी करून शेवटी उरलंसुरलं पानात वाढणार असाल तर बोलावू नका. येण्या-जाण्याचं भाडं आधी पाठवा. कर्नाटकातल्या बाईला ११ जून २०२३ पासून सरकारी बस फुकट आहे, पण चंदगड-गडहिंग्लजकडून येणारीला ती सवलत नाही, महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे पण ते अर्धं तरी खिशातूनच जातं ना. आणि नव्या ड्युटीवर असेल तर तिची एक दिवसाची रोजी बुडणार, तीही भरून द्या.

पायरी ४: काय बोलायचं

"तुमचे उपकार विसरणार नाही" हे वाक्य सगळेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. तिनं नेमकं काय केलं ते सांगा.

आमच्या घरातलं उदाहरण देते. मामंजी बसमध्ये कंडक्टर होते, सगळी नोकरी कन्नडमध्ये केली, पण दुखणं वाढलं तसं कन्नड गेलं आणि निव्वळ मराठी राहिली. असं होतं, नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी पुसली जाते. सांभाळायला आलेल्या अक्का बैलहोंगलकडच्या, त्यांना मराठी जेमतेम. रोज दिवेलागणीला मामंजी अस्वस्थ व्हायचे, दाराची कडी ओढायचे, "डेपोत जायचंय, गाडी सुटल." आम्ही समजावून सांगायचो की तुम्ही रिटायर झालाय, आणि ते आणखी चिडायचे. अक्कांनी माळ्यावरची त्यांची जुनी चामडी बॅग काढली, त्यात कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून घातल्या, बॅग गळ्यात अडकवून त्यांना ओसरीवर खुर्चीत बसवलं आणि समोर उभं राहून म्हणाल्या, "अज्जा, एक खानापूर." मामंजींनी पट्टी फाडून दिली. मग एक नंदगड, एक लोंढा. अर्ध्या तासात गाडी खानापूरला पोचायची आणि मामंजी जेवायला उठायचे. "जेवलासा काय मामा" हे आमच्यासारखंच बोलायला अक्का कधी शिकल्या आम्हाला कळलंही नाही.

तर अक्कांना आम्ही हेच सांगितलं, ती बॅग, त्या पट्ट्या, ते खानापूर. त्या बॅगचं नाव काढल्यावर त्या जशा बोलत्या झाल्या तशा बाकी कशानं झाल्या नाहीत, मामंजींच्या आम्हाला ठाऊक नसलेल्या चार गोष्टी त्यांनीच सांगितल्या. सांभाळणाऱ्या बाईला पण दुःख होतं हो, फक्त तिला कुणी "सांभाळ गं" म्हणत नाही, तिनं रडायचं कुठं?

कन्नड बोलणारी असेल तर मोडकं-तोडकं का होईना तिच्या भाषेत एक वाक्य बोला, आपल्या भागात कुणाला जमत नाही असं नाही. "अक्का, नीवु नम्म अव्वान्न भाळ छलो नोडकोंड्री" एवढं पुरे, म्हणजे अक्का, तुम्ही आमच्या आईला फार चांगलं सांभाळलंत. वडील असतील तर "नम्म अप्पान्न".

आणि काय बोलू नये तेही सांगते. "बरं झालं, आता तुम्ही सुटलासा" असं म्हणू नका. ती सुटली नाही, तिचं काम सुटलंय. "आता दुसरं घर बघितलंस काय" हे पहिल्याच दिवशी विचारू नका, मदत करणार असाल तरच विचारा.

पायरी ५: शिफारसपत्र लिहून द्या

साडीपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. या कामातल्या बहुतेक बायकांकडं अनुभवाचा एक कागद नसतो, दहा वर्षं काम करूनही नवीन घरात त्या "नवीन बाई" असतात. पत्रात गुणगान नको, काम लिहा. असं काहीतरी:

"श्रीमती ____ यांनी आमच्या घरी ____ पासून ____ पर्यंत आमच्या वडिलांना सांभाळलं. वडिलांना डिमेन्शिया होता, शेवटचं वर्षभर ते अंथरुणावर होते. यांनी दर दोन तासांनी कूस बदलली, वडिलांना जखमा होऊ दिल्या नाहीत. गिळायला त्रास होत असताना ताठ बसवून, घाई न करता, चमच्या-चमच्यानं भरवलं. रात्री उठून दाराकडे जायचे तेव्हा न ओरडता परत आणलं. गोळ्यांच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात. अधिक माहिती हवी असेल तर मला फोन करावा."

खाली सही, तारीख, आपला नंबर. खरं तेवढंच लिहा, पुढच्या घरात कुणाचं तरी आई-बाप तिच्या भरवशावर असणार आहेत. एक कॉपी मराठीत, एक कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये, कारण पुढचं घर कुठल्या भाषेचं असेल सांगता येत नाही. लॅमिनेशन करून द्या आणि फोटो काढून तिच्या व्हॉट्सअपवर पण टाका, कागद हरवतो. जमलं तर फॅमिली डॉक्टरना पण दोन ओळी लिहायला सांगा, बहुतेक डॉक्टर आनंदानं देतात.

पायरी ६: वस्तू आणि पैसे

साडी द्यायची तर चांगली द्या, बेळगावच्या शहापूर-वडगावात विणलेली साडी घ्या, आहेरात फिरत आलेली देऊ नका, बायकांना हात लावताच कळतं. ओटी भरताना जरा विचार करा, ती विधवा असेल आणि तिला तुम्ही सगळ्यांसमोर बाजूला काढलंत तर सगळ्यावर पाणी पडलं. आमच्या मते सरळ सगळ्यांना सारखं करावं. तिची स्वतःची पद्धत वेगळी असेल तर एकांतात विचारून घ्या. रातपाळीच्या ब्रदरला टॉवेल-टोपी, नारळ ठीक आहे, पण तरुण पोराला शर्टपीसपेक्षा चांगले बूट जास्त आवडतील.

गेलेल्या माणसाचे कपडे विचारल्याशिवाय देऊ नका. काही जणींना आठवण म्हणून शाल हवी असते, काही जणी घरात ठेवत नाहीत.

खायचं देणार असाल तर सुतक संपल्यावर. कुंदा दिला तर लगेच संपवायचा असतो, खव्याचा आहे. लांब गावाला पाठवायचं असेल तर गोकाकचा करदंट, डिंक-सुकामेव्याची चिवट वडी, टिकतो. दात नसलेल्या मावशीला करदंट देऊ नका म्हणजे झालं.

खरी कामाची भेट म्हणजे कागदपत्रं. आपल्या भागात ही मोठीच अडचण आहे, फॉर्म कन्नडमध्ये, बाई मराठी शाळेत चौथी शिकलेली. एक दुपार तिच्यासाठी काढा आणि तिला घेऊन सेवा केंद्रात जा. ई-श्रम कार्ड काढलंय काय बघा, असंघटित कामगारांसाठी आहे, वय १६ ते ५९ चालतं, नोंदणी फुकट आहे. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू करून द्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. पन्नाशीच्या आत असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे वर्षाचे ४३६ रुपये पण भरा, तोही २ लाखांचा विमा आहे. हे पैसे दरवर्षी खात्यातून आपोआप कापले जातात आणि खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो, म्हणून पुढच्या काही वर्षांचे पैसे तिच्या खात्यात टाकून ठेवा आणि ते काढू नका म्हणून सांगा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० येतात काय विचारा. महाराष्ट्रातली असेल तर तिथल्या योजना वेगळ्या, गडबड करू नका. मुलाच्या शाळेची फी, वह्या-पुस्तकं यातलं काही उचलता आलं तर उत्तम, पण तिला विचारून, चार लोकांत जाहीर करून नव्हे.

पायरी ७: दवाखाना, वृद्धाश्रम

सरकारी दवाखान्यातल्या कुणाच्या हातात पैसे कोंबू नका, त्यांनाच अडचण होते. नावानिशी पत्र लिहून अधीक्षकांना द्या. खाजगीत आणि वृद्धाश्रमात आधी ऑफिसमध्ये विचारा, बऱ्याच ठिकाणी बक्षिसी चालत नाही. खाऊचा डबा नेलात तर दोन न्या आणि एकावर "रातपाळी" असं मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर दुपारी चारपर्यंत डबा रिकामा. झाडणारी मावशी आणि वॉर्डबॉय यांची नावं पत्रात आवर्जून घाला, डॉक्टरांना पत्रं येतातच. १२ मेला परिचारिका दिन असतो, तेव्हा परत एकदा जाऊन आलात तरी चालेल.

पायरी ८: घरात सांभाळणारी

सून, बायको, लग्न न झालेली मुलगी, क्वचित मुलगा. हिचं कुणी आभार मानत नाही कारण "तिचं कर्तव्यच आहे". पुण्या-मुंबईहून व्हिडिओ कॉलवर सल्ले देणाऱ्या भावंडांनी ही पायरी दोनदा वाचावी.

डिमेन्शियात माणूस एकदम जात नाही, रोज थोडं थोडं जातं. सांभाळणारीनं त्याचं दुःख आधीच पाच वर्षं केलेलं असतं, त्यामुळं शेवटच्या दिवशी तिच्या डोळ्यात पाणी आलं नाही तर "बघ कशी कोरडी" असं पाव्हण्यात बोललं जातं. ते बोलू देऊ नका. सुटल्यासारखं वाटणं आणि त्याची लाज वाटणं, दोन्ही एकदम होतं तिला, आणि ते अगदी नॉर्मल आहे. असं तिला कुणीतरी तोंडानं सांगायला हवं.

मग करायचं काय? एक, तेराव्याचा स्वयंपाक तिच्यावर टाकू नका, आचारी सांगा. दोन, तिनं पदरचा केलेला खर्च, डायपर, औषधं, रिक्षा, सगळा भावंडांनी बसून काढा आणि तिला परत द्या. तिनं नोकरी किंवा शिवणकाम सोडलं असेल तर त्याचाही विचार व्हावा. आणि हे वाटणीचं बोलणं निघायच्या आधी, कारण वाटणीत एकदा शिरलात की आभार-बिभार सगळं राहतं. तीन, तिची तपासणी. बीपी, शुगर, कंबर, गुडघे, डोळे, हे सगळं "नंतर बघू" म्हणून राहिलेलं असतं, अपॉइंटमेंट तुम्ही घ्या आणि सोबत जा, नुसतं "दाखवून घे हां" म्हणू नका. चार, झोप. बरेच महिने तिला रात्री दोनला जाग येत राहणार. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशात लक्षच लागत नाही असं लांबत गेलं तर १४४१६ वर टेली-मानस या मन:स्वास्थ्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावून द्या, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, भाषा निवडता येते. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडला डिमहान्स हा मनाच्या आजारांचा सरकारी दवाखाना आहे, बेळगावहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

सासूबाईंना आम्ही विचारलं होतं की तुम्हाला काय हवंय, तर म्हणाल्या, "मला कुणी उठवू नका फक्त." महिनाभर सकाळचा चहा त्यांच्या उठण्यावर ठेवला. हीही भेटच.

पायरी ९: राहिलेलं सामान

व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, न फोडलेले डायपर. हे कुणाला द्यायचं ते सांभाळणाऱ्या बाईलाच विचारा, तिला दहा घरं माहीत असतात जिथं याची गरज आहे, आणि तिच्या हातून गेलं तर तिचाही मान राहतो. गादी पुसून, मोटर चालते काय बघून द्या. औषधं मात्र कुणालाच देऊ नका, विशेषतः झोपेच्या आणि डोकं शांत ठेवायच्या गोळ्या, त्या डॉक्टरांनी त्या एका पेशंटला बघून दिलेल्या असतात. अख्ख्या स्ट्रिप बिलासकट मेडिकलवाला परत घेतो काय विचारा, बाकीच्या गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवी बांधून कचऱ्यात टाका.

पैसे देणगी म्हणून द्यायचे असतील तर अल्झायमर्सच्या (डिमेन्शियाचाच एक प्रकार) पेशंट आणि घरच्यांसाठी काम करणारी एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून आहे. पण आधी बाईचं पाकीट, मग देणगी.

पायरी १०: नंतरचं

पहिल्या दिवाळीला फोन करा. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर्स दिन असतो, त्या दिवशी केलात तरी चालेल. तिच्या घरी लग्न निघालं आणि पत्रिका आली तर जा, नुसता आहेर पाठवू नका. कुणी ओळखीचं सांभाळायला माणूस शोधत असेल तर तिचा नंबर तिला विचारूनच द्या, आणि त्या घराला पगाराचा आकडा, सुट्टीचा दिवस आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिला घासाघीस करायला लागत नाही.

माणूस जाऊन दोन-चार वर्षं झाली आणि आता हे वाचून वाटलं की आपलं राहिलंच, तरी फोन लावा. एवढ्या दिवसांनी काय बोलायचं म्हणून अडखळू नका, "मावशी, मी अमक्या गल्लीतल्या आजींची नात बोलतोय" एवढं म्हटलं की पुढचं त्याच बोलतात. नंबर लागत नसेल तर ब्युरोत विचारा, नाहीतर तुमच्या मेडिकलवाल्याला विचारा, बहुतेक त्याच्याकडं नवा नंबर असतो.